इडलीची रात्रपाळी

इडलीच्या वजनात ढोबळमानानं दोन भाग पाणी आणि एक भाग तांदूळ-उडीद असतात. आकाराचं म्हणाल तर त्यातलीही बरीच जागा हवेनं अडवलेली असते. म्हणजे सकाळच्या घाईत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः पाण्याचे आणि हवेचे. आणि तरी दोन इडल्या, एक मेदूवडा नि वाटीभर सांबार दुपारपर्यंत पोट धरून ठेवतात. हेंद्रेपाड्यातल्या साध्या साउथ इंडियन हॉटेलात बसलं की मला या गोष्टीचं दर वेळी नवल वाटतं. अर्थात भूक भागल्यावर वाटतं, आधी नाही.

हेंद्रेपाडा म्हणजे बदलापूर पश्चिम. इथली सकाळ लोकलच्या वेळापत्रकावर उगवते. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. धीम्या गाडीत दीड तास सहज मोडतो, आणि ज्याला आठला दादर-भायखळ्याला कामावर हजर व्हायचं असतं, त्याच्या घरी डबा होतो पण नाश्त्याला सवड उरत नाही. अशा माणसासाठी स्टेशनच्या वाटेवर, एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन गाळे एक करून चालवलेलं हॉटेल असतं. नावात बहुधा एखादा देव, नाहीतर 'सागर'. सनमायकाची टेबलं, भिंतीवर भावांचा बोर्ड, गल्ल्यामागे बालाजीचा हार घातलेला फोटो, टेबलावर पाण्याचा जग. मेनू कार्ड मागणारा माणूस इथं नवखा ठरतो. अनोळखी माणसासमोर बसायचं, "इडली-वडा मिक्स" किंवा "साधा, कडक" एवढंच म्हणायचं, आणि मोबाइलवर गाडी किती मिनिटं लेट आहे ते बघेपर्यंत प्लेट समोर.

एवढ्या झटपट आणि एवढ्या स्वस्तात हे कसं जमतं? तर तुमची ऑर्डर तुम्ही द्यायच्या आदल्या दिवशीच सुरू झालेली असते.

दुपारी तांदूळ आणि उडीदडाळ वेगवेगळी भिजत पडतात. तांदूळ बहुधा उकडा. भात सालीसकट उकडून, वाळवून मग सडला की त्यातला पिष्टमय भाग एकदा शिजून पुन्हा घट्ट बसलेला असतो. असा तांदूळ पाणी चांगलं पितो आणि इडली मऊ होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उकड्या तांदळाची पेज पिऊन वाढलेल्यांना यात नवीन काही नाही. प्रमाण घरोघरी आणि हॉटेलागणिक बदलतं. तीनास एक म्हटलं तर ढोबळ हिशेब बरोबर येतो. हॉटेलवाल्याचा हात तांदळाकडे झुकलेला असतो, कारण उडीद महाग.

मग वाटण. उडीद वेगळा, तांदूळ वेगळा, आणि यात आळस चालत नाही. उडीद लोण्यासारखा मुलायम व्हायला हवा, तांदूळ मात्र रव्याइतका रवाळ राहायला हवा. हे काम दगडी ग्राइंडर करतो. ग्राइंडर विजेवर आला तो कोइमतूरला, १९५० च्या दशकात. तोवर दाक्षिणात्य स्वयंपाकघरात रगड्यासमोर तासन् तास बसावं लागे. मिक्सरच्या पात्याला दगडाची सर येत नाही. पातं भरभर फिरतं, पीठ तापतं आणि उडदाचा ताणही तुटतो. दगड सावकाश फिरतो, पीठ थंड राहतं आणि वाटता वाटता त्यात हवा कोंडली जाते. वाटलेल्या उडदाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकला आणि तो तरंगला, तर वाटण जमलं. ही परीक्षा घरातल्या बायकाही करतात आणि हॉटेलातला मास्टरही. दोन्ही वाटणं मोठ्या डेगीत एकत्र करायची, मीठ घालायचं, हातानं कालवायचं आणि झाकण टाकून शटर ओढायचं.

आता जे काही होणार ते माणसाशिवाय. बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुरू होते, तशीच ती या डेगीतही सुरू होते, फक्त हे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा मुकादम म्हणजे ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू. त्याला बाहेरून आणावं लागत नाही. तो उडदाच्या डाळीवर आधीच बसलेला असतो. भिजवण्यानं त्याला पाणी मिळतं, वाटण्यानं अन्न मोकळं होतं, आणि मीठ त्याला सोसतं. इतर बऱ्याच जंतूंना ते तितकंसं सोसत नाही. तो पिठातली साखर खातो आणि बदल्यात तीन गोष्टी टाकतो : लॅक्टिक आम्ल, थोडासा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. आम्लानं चव येते, वायूनं पीठ फुगतं, अल्कोहोल उकडताना उडून जातो. (इडली खाऊन गाडी चालवायला हरकत नाही.)

पीठ फुगतं ते पावासारखं यीस्टमुळे, असं समजणं सोपं होतं. पण १९६५ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावच्या कृषी संशोधन केंद्रात काही शास्त्रज्ञांनी इडलीच्या पिठातले जंतू एकेक वेगळे करून पाहिले, तेव्हा फुगवण्याचं श्रेय या जिवाणूकडे गेलं. कोरियातली किमची आणि जर्मनीतली आंबवलेली कोबी ही याचीच कामं. गंमत अशी की सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांत याच जिवाणूला कुणी दारात उभं करत नाही. ऊस तोडून गाळपाला उशीर झाला की हाच पाहुणा रसात शिरतो, साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, रस बुळबुळीत होतो आणि उतारा घसरतो. तिथं तो नुकसान करणारा, इथं तो नाश्ता घालणारा.

ल्युकोनॉस्टॉक एकटा शेवटपर्यंत टिकत नाही. आंबटपणा वाढत गेला की त्याचा जोर ओसरतो आणि जास्त आम्ल सोसणारे दुसरे जिवाणू पुढे येतात. पहाटेपर्यंत पीठ इतकं आंबट होतं की पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जंतूंना तिथं वाढणं कठीण जातं. म्हणजे फ्रिज नसलेल्या काळातही ही डेग स्वतःची राखण स्वतः करत होती.

पण वायू तयार होणं वेगळं आणि तो पिठात अडकून राहणं वेगळं. तांदळाचं नुसतं पीठ आंबवलं तर बुडबुडे वर येतात आणि फुटून जातात. गव्हाच्या पावात ग्लूटेन ते धरून ठेवतं. तांदळात ग्लूटेन नाही, उडदातही नाही. मग इडली फुगलेली राहते कशी? याचं उत्तर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या, म्हणजे सीएफटीआरआयच्या अभ्यासांतून मिळालं. उडदात दोन चिजा आहेत. एक ग्लोब्युलिन जातीचं प्रथिन, जे फेस आणतं. दुसरी अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची बुळबुळीत शर्करा, जी त्या फेसाला घट्ट करते आणि वाफेच्या उष्णतेतही तो मोडू देत नाही. उडीद भिजवल्यावर बोटांना लागणारा तो बुळबुळीतपणा, जो आपण नाक मुरडून धुऊन टाकतो, तोच इडलीचा सांगाडा. म्हणून मूग, चणा, तूर घालून केलेली इडली पौष्टिक होईल, पण उडदाइतकी हलकी होत नाही.

हिशेबाकडे येऊ. किलोभर तांदूळ आणि त्याला शोभेल इतका उडीद यांत घरच्या मापाच्या पन्नास-साठ इडल्या सहज निघतात. शिवाय हे एकच पीठ दिवसभर वेगवेगळ्या वेशात फिरतं. सकाळी इडली, मग पाणी घालून सैल केलं की डोसा, दुपारनंतर आंबटपणा चढला की कांदा-टोमॅटो घालून उत्तप्पा, कारण त्या चवीला आंबट पीठच शोभतं. मेदूवड्याला नुसता उडीद. डोशातली बटाट्याची भाजी पुरीबरोबरही जाते. चटणीत नारळाच्या जोडीला डाळवं, म्हणजे नारळाचा खर्च आवरतो आणि चटणीला अंगही येतं. बोर्डावर पंचवीस पदार्थ दिसतात, पण कोठारात तांदूळ, उडीद, तूर, बटाटा, कांदा, रवा, नारळ एवढ्यांचंच राज्य. वाया काही जात नाही. रात्रभर राबणाऱ्यांना पगार द्यावा लागत नाही. सांबार पुन्हा मागितलं तर वेटर कपाळाला आठी न घालता ओततो, कारण चिंच, मसाला आणि पाण्यावर पोसलेल्या तुरीच्या डाळीला ते परवडतं.

बरं, स्वस्त म्हणून कमअस्सलही नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं पडतं, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. वरण-भात आणि खिचडी याच हिशेबानं चालतात, पण आंबवण्यामुळे इडली एक पायरी पुढे जाते. काही ब जीवनसत्त्वं वाढतात, आणि धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं.

या रात्रपाळीचा खरा मालक मात्र हवामान. पीठ साधारण तीस अंशांना खूश असतं. बदलापूरच्या मे महिन्यात रात्रीही उकाडा हटत नाही. तेव्हा संध्याकाळी वाटलेलं पीठ मध्यरात्रीलाच डेगीच्या काठावर येतं आणि सकाळी ताकासारखं आंबट झालेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात उशिरा वाटायचं किंवा पीठ अर्ध्या रात्री फ्रिजमध्ये ढकलायचं. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार. मुंबईकर पंखा लावून झोपतात तेव्हा बदलापूर-कर्जत पट्ट्यात पारा कितीतरी खाली उतरलेला असतो. डोंगर जवळ, समुद्र लांब. त्या दिवसांत पीठ बसून राहतं. मग कोमट पाणी, चिमूटभर मेथी, आणि डेग भट्टीच्या उबेला. डोंबिवलीत चाललेलं गणित बदलापुरात तसंच्या तसं चालेल याची खात्री नाही. इथं तुम्हाला एखाद्या थंडीच्या सकाळी इडली जरा दडस लागली, तर मास्टरवर डाफरण्याआधी थर्मामीटर बघा.

ही युक्ती कुणाची? एका माणसाची नाही, हे नक्की. कानडीत इडलीचा उल्लेख शिवकोट्याचार्यांच्या 'वड्डाराधने' या जैन ग्रंथात येतो, तो साधारण इ. स. ९२० चा. शंभरेक वर्षांनी, १०२५ च्या सुमारास, चावुंडरायानं 'लोकोपकार' मध्ये कृती दिली : ताकात भिजवलेला उडीद वाटायचा, त्यात दह्याचं निवळ पाणी, धणे, जिरे, मिरी, हिंग. तांदूळ? नाहीच. आणखी शंभर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, 'मानसोल्लास' लिहिला. साल सुमारे ११३०. त्यातली इडलीही नुसत्या उडदाची. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-धाराशिवपासून फार लांब नाही. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशीही नोंद आहे. म्हणजे इडली आणि ओवी एकाच राजाच्या कानावर पडलेल्या होत्या. डोशाचा पूर्वजही याच पुस्तकात 'धोसक' म्हणून सापडतो.

हेंद्रेपाड्याहून लोकलनं एक स्टेशन मागे गेलं की अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आहे. शिलाहारांचे कारागीर वालधुनीच्या काठी हा दगड घडवत होते, त्या काळात दक्षिणेत इडली होती, पण आपण ओळखतो ती नव्हे. तांदूळ कधी मिसळला, रात्रभर आंबवणं कधी आलं, वाफेवर उकडणं कुठून आलं, यावर अन्नाचे इतिहासकार भांडतात. के. टी. अचया यांनी असा अंदाज मांडला की आंबवण्याची आणि उकडण्याची ही रीत इंडोनेशियाकडून, तिथल्या हिंदू राजांबरोबर ये-जा करणाऱ्या आचाऱ्यांमार्फत आली असावी. सगळ्यांना तो पटत नाही. मलाही तो फार पटत नाही. कोकण किनाऱ्यावर मोदकपात्र आहे, सांदण आहे, पातोळी आहे. सिंधुदुर्गात तांदूळ-उडीद-मेथी आंबवून केलेली आंबोळी आहे, जी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खातात. घावन आणि मंगळूरचा नीर डोसा शेजारी ठेवले तर ओळखणं अवघड. भातावर जगणाऱ्या या सगळ्या किनाऱ्याला ओल्या वाटणाचं काय करायचं हे कुणी बाहेरून येऊन शिकवावं लागलं असेल, असं वाटत नाही.

आता तव्याकडे. हेंद्रेपाड्यासारख्या ठिकाणी तवा बहुधा दाराशीच असतो, रस्त्यावरून दिसेल असा. जाहिरात म्हणूनही आणि धूर बाहेर जावा म्हणूनही. बोटभर जाडीचा लोखंडी पत्रा, खाली गॅसची भट्टी. जाडी महत्त्वाची, कारण पातळ तवा पिठाचा पहिला थर पडताच गार होतो. वर्षानुवर्षं तेल जळून त्यावर काळा गुळगुळीत थर चढलेला असतो. तेलाचे रेणू तापून एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडाची खरखर बुजवतात. नवा तवा पहिल्या दिवसापासून डोसा सोडत नाही तो यामुळेच, आणि जुना तवा कुणी साबणानं घासला तर मास्टर भडकतो तोही यामुळेच.

प्रत्येक डोशाआधी मास्टर तव्यावर पाणी मारतो. च्यांऽऽ असा आवाज, वाफेचा लोट, आणि छोट्या झाडूनं किंवा अर्ध्या कांद्यानं एक फटकारा. बघणाऱ्याला वाटतं साफसफाई. ती आहेच, पण खरं काम तापमानाचं. तवा दोनशे अंशांच्या बराच पुढे गेला की पाण्याचे थेंब लगेच उडत नाहीत, स्वतःच्याच वाफेच्या गादीवर गोळ्यांसारखे पळत सुटतात. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. थेंब नाचले म्हणजे तवा फार तापला, च्यां करून संपले म्हणजे योग्य. तवा जास्त तापलेला असताना पीठ ओतलं तर ते टेकताक्षणी शिजून घट्ट होतं, पसरायला वावच मिळत नाही, वाटीमागे गोळे ओढले जातात. पाणी ती उष्णता ओढून नेतं, आणि ओढून नेतं म्हणजे किती? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. तेवढंच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला शंभर पुरतात. ओंजळभर पाणी एवढा जाड पत्रा ताळ्यावर आणतं ते असं.

तेच ५४० तिकडे इडलीपात्रात उलट्या दिशेनं काम करतात. वाफ गार पिठावर बसते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि तव्यावरून नेलेली तेवढीच उष्णता ती इथं परत करते. म्हणून दहा-बारा मिनिटांत इडली आतपर्यंत शिजते. एका नियमानं तवा थंड होतो आणि त्याच नियमानं इडली शिजते.

पाणी उडालं की मास्टर मधोमध पीठ ओततो आणि सपाट बुडाच्या वाटीनं आतून बाहेर गोल गोल फिरवत नेतो. हात थांबत नाही, दाबही वाढत नाही. वाटीच्या कडेनं उमटलेल्या वर्तुळाकार रेघा नीट बघा. उंचवटा जाड, खळगा पातळ. खळग्यातलं पाणी आधी संपतं, म्हणून तिथं तांबूस रंग आधी येतो आणि डोशावर ती तबकडीसारखी वलयं उठतात. रात्री कोंडलेला वायू आता सुटतो, वर बारीक छिद्रं पडतात, ओला चकाकणारा पृष्ठभाग निस्तेज होत जातो. मग तेल किंवा बटर त्या छिद्रांतून खाली झिरपतं. पाणी गेल्यानं डोसा आकसतो, कडा आपोआप सुटतात. कडा सुटायच्या आधी उलथनं घालणारा मास्टर अजून शिकाऊ आहे.

आणि रंग? इडली पांढरी, डोसा सोनेरी, पीठ मात्र एकच. जोवर पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर फारसं चढत नाही, आणि इडली तर वाफेतच असते. डोशाच्या खालच्या बाजूचं पाणी संपलं की तापमान १४० च्या पुढे सरकतं आणि साखर नि अमिनो आम्लांची ती प्रक्रिया जोर धरते, जिच्यावर लुई-कमिल मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९१२ साली पहिला निबंध लिहिला. पावाच्या कडा, भाजलेली कॉफी, भाकरीचे डाग, सगळा खमंगपणा तिथूनच येतो. फार आंबट पिठाला मात्र रंग नीट चढत नाही. म्हणून हॉटेलात डोशाच्या पिठात चणाडाळ, मेथी, कधी चिमूटभर साखर पडते. "कडक" म्हणजे पाणी पुरतं जाऊ देणं. तुम्ही कडक सांगितलं की मास्टर जास्तीचं एखादं मिनिट तव्याची ती जागा तुमच्यासाठी अडवून ठेवतो, आणि सकाळी सातला ती जागा सोन्याच्या भावाची असते.

हे ज्ञान बदलापूरपर्यंत पोचलं कसं, ती कथा रेल्वेमार्गाची. उडुपीला कृष्णमठात हजारोंच्या पंगती उठवण्याची जुनी परंपरा. तिथले आचारी आणि आसपासच्या गावांतली पोरं विसाव्या शतकात कामासाठी मुंबईला आली. माटुंग्यात दाक्षिणात्य कारकून-टंकलेखकांची वस्ती झाली होती, त्यांना घरचं जेवण हवं होतं. तिथं १९३७ ला मणीज लंच होम, १९४० ला कॅफे मद्रास, आणि १९४२ ला स्टेशनसमोर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग उभं राहिलं. टेबल पुसणारी कितीतरी पोरं मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत शिकली आणि पुढे मालक झाली. १९६६ ला शिवसेना स्थापन झाल्यावर दाक्षिणात्यांविरुद्धच्या आंदोलनात उडप्यांच्या हॉटेलांवर दगडही पडले. दगड पडत असतानाच मराठी माणसाला मसाला डोशाची चटक लागत होती, हेही खरं. म्हैसूर मसाला तर मुंबईनं असा काही वाढवला की म्हैसूरच्या माणसाला तो ओळखू येणार नाही.

पुढे घरं महाग झाली तसा चाकरमानी ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ करत बदलापूरला आला, आणि त्याच्यामागे हॉटेल आलं. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आता तव्यामागचा मास्टर बऱ्याचदा उडुपी-कुंदापूरकडचा नसतो, झारखंड-उत्तर प्रदेशकडचा असतो, आणि ऑर्डर हिंदीत सांगावी लागते. पिठाला त्याचं काही वाटत नाही. रात्रपाळी कुणाच्याही हाताखाली तितक्याच इमानानं चालते, फक्त मीठ, पाणी आणि वेळ जिथल्या तिथं हवी.

या हॉटेलांत मला खटकतं ते एकच. चटणी कधी कधी दुपारपर्यंत उघडी राहते. वाटलेलं ओलं खोबरं उकाड्यात लवकर बिघडतं, आणि त्याला राखायला इडलीच्या पिठासारखा आंबटपणा नसतो. दुपारी चारला गेलात तर चटणीचा आधी वास घ्या, शंका आली तर सांबारावर भागवा. फिल्टर कॉफीची अपेक्षा इथं ठेवू नका. चहा मात्र चांगला असतो.

आणि घरी न्यायचं असेल तर इडली न्या, वडा न्या, डोसा नेऊ नका. कागदात गुंडाळल्यावर गरम भाजीची वाफ बाहेर जात नाही, ती डोशातच मुरते, आणि मास्टरनं तव्यावर घालवलेलं पाणी पाच मिनिटांत परत येतं. स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत त्या कडक डोशाचं जे होतं त्याला इलाज नाही. डोसा तव्यासमोरच्या टेबलावर बसून खायचा, एक लोकल सोडावी लागली तरी चालेल.